निरुपद्रवी

सकाळच्या मीटिंगमध्ये, ज्यांच्याबद्दलचं मत बदललं अशा जनुकीय बदलांची नावं वाचून दाखवायचं काम नव्या मुलीकडे होतं. ती नुकतीच कामाला लागली होती, आवाज अजून वर्गात धडा वाचल्यासारखा, आणि तो लॅबचा प्रमुख म्हणून टेबलाच्या टोकाला बसून ऐकल्यासारखं करत समोरच्या गच्चीवर वाऱ्याने फुगणाऱ्या एका चादरीकडे बघत होता. तिने हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकाचं नाव घेतलं, त्यातली जागा सांगितली, कोणतं अक्षर जाऊन कोणतं आलं ते सांगितलं, आणि म्हणाली, "आधी बहुधा रोगकारक. आता निरुपद्रवी." मग पान उलटावं तितक्या सहज ती पुढच्या नावाकडे वळली. चादर तशीच फुगत होती. त्याने तिला थांबवून ते परत वाचायला सांगितलं. तिने वाचलं, त्याच सुरात, आणि यात काही वाद आहे का, असं विचारलं. तो नाही म्हणाला, चालू दे म्हणाला, आणि आपला आवाज आपल्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा का वाटला याचं त्याला नवल वाटलं. ती जागा त्याला पाठ होती. लहानपणच्या घराचा फोन नंबर जसा कुणी न विचारताही जिभेवर असतो तशी. ते अक्षर त्याच्या वडिलांच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत होतं, ते त्याच्या धाकट्या बहिणीच्या प्रत्येक पेशीत होतं, आणि त्याच्या स्वतःच्या एकाही पेशीत नव्हतं.

बाकीचे उठून गेले तरी तो बसून राहिला. कुणीतरी अर्धवट प्यालेला चहा टेबलावर थंड होत होता, त्यावर साय धरायला लागली होती. बाहेरच्या माणसाला आपलं काम समजावून सांगताना तो नेहमी एकच गोष्ट सांगायचा, की प्रत्येक माणूस म्हणजे एक अतिप्रचंड पुस्तक असतं आणि प्रत्येकाच्या पुस्तकात छपाईच्या चुका असतात. चुका नसलेला माणूसच नसतो. आमचं काम एवढंच, की त्यातली कोणती चूक माणूस मारते आणि कोणती नुसती बसून राहते ते सांगायचं. त्यासाठी ढिगारे ठरलेले असतात. एका टोकाला रोगकारक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि मधला सगळ्यात मोठा ढीग म्हणजे 'सांगता येत नाही'. लॅबमध्ये सगळे गमतीने म्हणायचे की प्रामाणिक तेवढा मधलाच. तोही म्हणायचा, हसायचाही. पण त्या मधल्या ढिगाबद्दल त्याच्या मनात पहिल्यापासून एक अढी होती. सांगता येत नाही हे काय उत्तर झालं. त्याच्या घरी एका सकाळी कुणालाही काही सांगता आलं नव्हतं, आणि त्या सकाळपासून त्याला ते शब्द सहन व्हायचे नाहीत.

वडील भूगोल शिकवायचे. शाळेला निघताना दाराशी बसून त्यांनी एक बूट घातला, दुसरा हातात घेतला, आणि तसेच भिंतीला टेकून राहिले. आईला वाटलं, नाडीची गाठ सोडवताहेत. तो तेव्हा संशोधनाला नुकताच लागला होता, धाकटी कॉलेजात होती आणि पहाटेची पोहायला गेली होती. शवविच्छेदन झालं. हृदय नेहमीसारखं, रक्तवाहिन्या मोकळ्या, मेंदू ठीक. डॉक्टरने हात पुसत सांगितलं की असं कधी कधी होतं. त्यानंतर कितीतरी महिने आई भाजी निवडताना, कपडे घड्या करताना, मधेच हात थांबवून विचारायची, "पण कशाने?" रडण्याचं त्याला काही वाटायचं नाही, रडणं कळत होतं. ते दोन शब्द ऐकले की तो मान खाली घालायचा. घरातला शिकलेला तो होता. पेशी, रक्त, वंश, सगळं त्याच्या विषयातलं होतं आणि तो तिच्यासमोर नुसता बसून राहायचा. पुढे, लॅबमध्ये हात बसल्यावर, त्याने इस्पितळाने जपून ठेवलेला वडिलांच्या ऊतीचा तुकडा रीतसर मागवला. त्यात ते अक्षर सापडलं त्या दुपारी तो जिन्यात जाऊन उभा राहिला होता आणि त्याने कठडा घट्ट धरला होता, तो दुःखाने नव्हे.

तेव्हा त्याच्यावर एका वृद्ध शास्त्रज्ञाची देखरेख होती. सगळे त्यांना मागे म्हातारा म्हणायचे आणि त्यांना ते माहीत होतं. म्हातारा आणि तो यांचं त्या अक्षरावरून वाजलं होतं, म्हणजे आवाज कुणी चढवला नव्हता, पण वाजलं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. जगभरातून गोळा केलेल्या हजारो माणसांत हे अक्षर कुणातच नाही. जे घातक असतं ते टिकत नाही, निसर्गाची निवड त्याला गाळून टाकते, म्हणून ते दुर्मीळ असतं. म्हणजे जे इतकं दुर्मीळ ते संशयास्पद. वर संगणकाचं गणितही तेच म्हणत होतं. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला होता की बहुतेक बदल ना चांगले असतात ना वाईट, ते नुसते घडतात आणि वाहत येतात, पाण्याबरोबर काडी यावी तसे; प्रत्येक काडीला कुणीतरी टाकलं असेल असं तुला का वाटतं? आणि तुझ्या निवडीला ही काडी दिसणार तरी कशी? मुलं होऊन गेल्यावर जे मारतं त्याला निवड फारसं अडवत नाही, तुझ्या वडिलांना तर दोन मुलं झाली होती. मग दुर्मीळ असण्यावर इतका भरवसा का? आणि दुर्मीळ म्हणजे कुणात दुर्मीळ? त्या हजारोंमध्ये आपल्याकडची माणसं किती आहेत बघ. हाताच्या बोटांवर मोजता येतील. तो म्हणाला होता की आहे त्या पुराव्यावरच बोलावं लागतं. त्यावर म्हातारा चष्मा परत डोळ्यांवर ओढून म्हणाला, "तुला खरं हवंय की कारण हवंय, ते आधी ठरव." त्या वाक्याचा त्याला इतका राग आला होता की तो आठवडाभर म्हाताऱ्याच्या खोलीकडे फिरकला नाही. शेवटी समितीने त्याच्या बाजूने कौल दिला. बहुधा रोगकारक. त्या काळच्या नियमांप्रमाणे ते चूक नव्हतं, आजही कुणी त्याला चूक म्हणणार नाही. कुणीही कागदपत्रं काढून बघावीत. त्याचे हात स्वच्छ होते, आणि टेबलापाशी बसल्या बसल्या तो ते हात उलटेपालटे करून बघत होता.

आपल्या रक्तात ते नाही हे कळलं तेव्हा त्याला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं, ते कुणालाही वाटेल. धाकटीच्या रक्तात आहे हे कळलं तेव्हा काय वाटलं, या प्रश्नापाशी मात्र तो गेली कित्येक वर्षं फक्त येरझारा घालत होता. वाईट वाटलं, अर्थात. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, पलंगाखाली सरकवलेल्या ट्रंकेसारखं. लहानपणी दोघं एकाच तलावात पोहायला शिकले होते. तो मोठा, तो पुढे, वडील काठावर स्टॉपवॉच घेऊन. एका उन्हाळी दुपारी ती शेजारच्या पट्ट्यातून त्याला मागे टाकून गेली. त्याने श्वासासाठी डोकं वळवलं तेव्हा तिच्या पायांनी उडालेलं पाणी त्याच्या नाकातोंडात गेलं, तो ठसका खात थांबला, आणि वर पाहिलं तर वडील हसत होते, त्याला नव्हे, पलीकडे भिंतीला हात लावणाऱ्या तिला बघून. पुढच्या आठवड्यापासून त्याने अभ्यासाचं कारण काढलं. घरात त्यानंतर सगळं तिच्या वेळापत्रकावर चालू लागलं. जेवण, झोप, सुट्ट्या. ती मोठ्या स्पर्धेच्या निवडीपर्यंत पोहोचली होती. आणि मग त्याने एका कागदी रुमालावर हृदयाचं चित्र काढून तिला समजावून सांगितलं. ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळून ती ऐकत होती. श्रम, वेग, थंड पाणी, ठोका चुकणं. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे पोहायचं नाही?" आणि तो नाही म्हणाला. त्याला आपला तो आवाज आठवत होता. शांत, ठाम, एखाद्या चांगल्या डॉक्टरसारखा. आनंद झाला नव्हता, तसं कुणी म्हटलं तर तो खोटं आहे असं शपथेवर सांगू शकला असता. पण सगळं नीट लागलं होतं. बापाचं मरण, आईचा प्रश्न, आपलं शिक्षण, आणि हो, तेही. फडताळात भांडी जागच्या जागी बसावीत तसं. आईला त्याने आधी सांगितलं होतं. आई बराच वेळ त्याचा हात हातात धरून बसली आणि म्हणाली, "एकाचं तरी बरं निघालं." आतल्या खोलीत धाकटी होती. तिला ऐकू गेलं की नाही हे त्याने कधी विचारलं नाही.

धाकटीने पोहण्यावर पाणी सोडलं. हा विनोद तिचाच, आणि ती तो पाहुण्यांसमोर करायची. छातीत कातडीखाली यंत्र बसवून घेतलं, हृदय थांबलं तर धक्का देणारं. ते आजवर एकदाच चाललं होतं, आणि तेही चुकून. वाणसामानाच्या दुकानात उभी असताना घोड्याने लाथ मारावी तशी ती मागे कांद्यांच्या पोत्यावर पडली, शुद्धीवर असताना. यंत्रवाल्यांनी नंतर सांगितलं की ठोका ठीक होता, यंत्राचाच गैरसमज झाला. त्यानंतर बरेच दिवस ती नळाला हात लावतानाही दचकायची. लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. त्याला तिने पहिल्या भेटीतच सगळं सांगून टाकलं होतं, की हे असं आहे, आणि मूल झालं तर त्याच्यात येण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. मला नाणं उडवायचं नाही. तो माणूस विचार करून दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला की मग नको उडवायला. दोघांनी तो विषय परत काढला नाही, असं धाकटी सांगायची. पण भावाच्या मुलीच्या वाढदिवसांना तो लिफ्टवाला तासन्‌तास जमिनीवर बसून स्प्रिंगा आणि चाकांची खेळणी जोडून द्यायचा, तेव्हा त्या खोलीत उभं राहणं भावाला जड जायचं आणि तो काहीतरी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचा.

इथवर ठीक होतं. इथवर कुणाचा दोष नव्हता. ज्ञान बदलतं, आम्ही बदलतो, विद्यार्थ्यांपुढे हे तो अभिमानाने सांगायचा. पण काही वर्षांपूर्वी तो घरच्यांबरोबर सुट्टीवर गेला असताना, बायको आणि मुलगी फिरायला बाहेर पडलेल्या, डोंगरउतारावरच्या खोलीत लोळत त्याने फोनवर एक छोटा लेख वाचला होता. कुठल्यातरी दुसऱ्या लॅबने आपल्याकडच्या माणसांचे नमुने तपासले होते, धडधाकट म्हाताऱ्यांचे, आणि त्यातल्या काहींच्यात तेच अक्षर निघालं होतं. ऐंशीच्या पुढची माणसं, जिने चढणारी. त्याने लेख दोनदा वाचला. नमुना लहान आहे, असं मनाशी म्हणाला. लहान होताही. मग त्याने फोन उशीखाली ठेवला आणि उठून तोंड धुतलं. परत आल्यावर म्हाताऱ्याचा फोन आला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आवाज फाटला होता. "वाचलंस का?" तो म्हणाला, वाचतो. म्हातारा नुसतं बरं म्हणाला आणि प्रकृतीचं वगैरे विचारून फोन ठेवला. नंतर कधी त्यांचा फोन आला नाही. आली ती ते गेल्याची बातमी. तेव्हा धाकटीला का सांगितलं नाही? अर्धवट गोष्टीने तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा, हे उत्तर तयार होतं, आणि ते वाईट उत्तर नव्हतं. समोर कुणी असतं तर पटलंही असतं. पण बंद मीटिंगच्या खोलीत समोर फक्त तो साय धरलेला चहा होता. त्या वर्षी धाकटीला मूल होऊ शकलं असतं. अजून वय होतं. आता नव्हतं.

दुपारी तो कुणाला न सांगता बाहेर पडला आणि बसमध्ये बसला. ती ज्या तलावावर मुलांना शिकवायची तो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. काच गरम झाली होती आणि त्यावर कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा गोल डाग होता. काय आणि कसं सांगायचं याची तो जुळवाजुळव करत होता. आधी चांगली बातमी म्हणावं का? एक चांगली बातमी आहे. त्या वाक्याचीच त्याला शिसारी आली. आता कळलेलं असं होतं की हे अक्षर आपल्याकडच्या शंभर-दोनशे माणसांमागे एखाद्याच्यात असतंच. म्हणजे या बसमध्येही कुणात असेल, नाहीतर पुढच्या बसमध्ये. तो एकेक चेहरा बघत गेला. तोंड उघडं टाकून झोपलेला म्हातारा, नखं कुरतडणारी परीक्षेतली मुलगी, पिशव्यांवर हनुवटी टेकलेली बाई. कुणालाही पत्ता नाही, कुणालाही गरज नाही. ते सगळे सुखाने ती चूक अंगात घेऊन घरी चालले होते, आणि धाकटीचा गुन्हा एवढाच की तिचा भाऊ शिकलेला होता. आणि वडील? ते कशाने गेले? बस एका वळणावर करकरून थांबली आणि हा प्रश्न त्याच्या अंगावर आला, इतकी वर्षं दार लावून ठेवलेल्या खोलीतून यावा तसा. आई आता नव्हती. नाहीतर तिलाही सांगावं लागलं असतं, की तुझं उत्तर परत घ्यायला आलोय.

तलावाच्या फाटकातच क्लोरीनचा वास नाकात शिरला आणि त्याला तो जुना ठसका आठवला. पाणी उन्हात हिरवंनिळं हलत होतं आणि त्यात वीसेक मुलं बेडकांसारखी पाय मारत होती. काठाने धाकटी चालत होती, गळ्यात शिट्टी, अंगात पूर्ण बाह्यांचा ट्रॅकसूट, पायात मोजेसुद्धा. मुलं तिला आपसात कोरडी बाई म्हणायची. ती कधी पाण्यात उतरत नाही याबद्दल त्यांच्यात अनेक कथा होत्या. एका कथेप्रमाणे तिने लहानपणी शार्क मारला होता. एक मुलगा हात चुकीचा टाकत होता. तिने खाली वाकून नुसता आपला हात हवेत फिरवून दाखवला, खांद्यापासून, सावकाश, आणि तो हात पाण्यात शिरतो तिथे मनगट कसं वळतं तेही दाखवलं. हवेत. तो बघत राहिला. त्या हातात आजही ते होतं. एखाद्या माणसाने गाणं सोडून द्यावं आणि बोलताना सूर लागत राहावा, तसं.

वर्ग सुटल्यावर ती त्याला बघून आली, आणि तो अवेळी आला म्हणजे काहीतरी झालंय हे तिने चालतानाच ओळखलं असावं, कारण जवळ येईपर्यंत तिने वहिनी आणि भाचीची चौकशी करून टाकली. दोघी ठीक आहेत, तो म्हणाला. मग ते काठाच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर बसले. त्याने चांगली बातमी वगैरे काही म्हटलं नाही. त्याने सांगितलं की ते अक्षर निरुपद्रवी निघालं. आपल्यासारख्या हजारो माणसांत ते आहे. त्याने काही होत नाही. ती पाण्याकडे बघत ऐकत होती. मुलांनी ढवळलेलं पाणी हळूहळू थांबत होतं आणि तळावरच्या काळ्या रेघा, मघापर्यंत सापासारख्या वळवळणाऱ्या, सरळ होत होत्या. त्याने रडण्याची तयारी ठेवली होती, ओरडण्याचीही. तिने विचारलं, "मग बाबा कशाने गेले?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "सांगता येत नाही."

तिने मान हलवली, जसं काही हे उत्तर तिला चालण्यासारखं होतं. मग तिने तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी त्याने बसमध्ये काहीही जुळवून ठेवलं नव्हतं. हे तुला आजच कळलं का, असं ती म्हणाली. साधंच. त्याला हो म्हणता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं, पक्कं आजच ठरलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि त्याला आपल्या आतून तो जुना आवाज वर येताना जाणवला, शांत, ठाम, कागदी रुमालावर चित्र काढणारा. त्याने तो गिळला. "पक्कं आज," तो म्हणाला. "शंका आधीपासून होती." किती आधीपासून, ते त्याने सांगितलं. कोणत्या सुट्टीत, कुठल्या खोलीत, म्हाताऱ्याचा फोन, सगळं. सांगताना आपण तिला काही देत नाही आहोत, आपल्या अंगावरचं तिच्या अंगावर टाकतो आहोत, हेही त्याला कळत होतं, आणि तरी थांबता येत नव्हतं. ती बोटांनी शिट्टीची दोरी गुंडाळत होती, सोडत होती. त्या वर्षी ती किती वर्षांची होती याचा हिशेब तिच्या डोळ्यांत चाललेला त्याला दिसला, आणि तो कुठे संपला तेही दिसलं.

"तेव्हा जमलं असतं," ती म्हणाली.

त्याने माफी मागायला सुरुवात केली. तिने हात वर करून थांबवलं, वर्गातल्या मुलाला थांबवतात तसं. तिला राग आलाय का ते कळत नव्हतं. ती म्हणाली की पोहण्याचं सोड, पोहणारे कुठेतरी थांबतातच, खांदे जातात, गुडघे जातात. आई त्या दिवशी काय म्हणाली होती ते मी आतून ऐकलं होतं, तेही सोड. मग ती पाण्याकडे वळली. "मूल झालं नाही असं मी कधी मनात म्हटलंच नाही रे दादा. मी त्याला होऊ दिलं नाही, त्याच्याच भल्यासाठी, असं म्हणायचे. म्हणजे तो होता. त्याला मी जपलं होतं. आता त्याला काय म्हणू?" तिचा आवाज कापला नाही. पायऱ्यांचं सिमेंट अजून तापलेलं होतं आणि त्याच्या तळव्यांना चटका बसत होता तरी त्याने हात उचलले नाहीत. काहीतरी भाजावं असं त्याला वाटत होतं. इतकी वर्षं आपण तिच्याकडून काय काय नेलं याची तो मोजदाद करत आला होता, आणि आज, तिला सत्य द्यायला म्हणून आला असताना, तिच्याजवळ उरलेली एक गोष्टही घेऊन चालला होता.

मग ती सरळ बसली आणि म्हणाली, "घरी माझ्या नवऱ्याला यातलं काही सांगायचं नाही."

त्याने सांगितलं की असं करता येत नाही. लॅबला कळवावं लागतं, ज्यांना ज्यांना आधीचा निकाल दिला त्या सगळ्यांना, तो नियमच आहे; आणि इस्पितळात यंत्राचाही फेरविचार करतील. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदा काहीतरी धारदार होतं.

"पेशंट मी आहे ना? मला कळलं. झालं तुझं काम."

त्याला मुलं हवी होती, ती पुढे म्हणाली, खालच्या आवाजात. हवी होती हे त्याने मला एकदाही कळू दिलं नाही, आणि हे मला रोज कळतं. माझं मी बघेन. पण नाणं उडवायचंच नव्हतं, उडवण्यासारखं काही नव्हतंच, हे त्याला या वयात कळून तो काय करणार? तुला माझ्याकडे येता आलं. त्याने कुणाकडे जायचं? ती चुकते आहे असं त्याला वाटत होतं, लपवून ठेवलेल्या गोष्टीचं काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. पण तिला हे सांगण्याचा हक्क ज्यांना असेल अशांच्या रांगेत तो सगळ्यात शेवटी होता. तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

फाटकाशी स्कूटर वाजली. लिफ्टवाला कामावरून परस्पर तिला घ्यायला आला होता, बोटांना ग्रीस, कपाळावर घाम, आणि मेव्हण्याला तिथे बघून त्याचा चेहरा खुलला. पाहुणे आज इकडे कुठे, असं विचारत तो पायऱ्या उतरून आला. जरा या बाजूला काम होतं, असं भाऊ म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. लिफ्टवाला त्यांच्या शेजारी टेकला आणि आपलं सांगू लागला. हिच्या यंत्राची बॅटरी संपत आली आहे, बदलायला भरती व्हावं लागेल म्हणून त्याने कामावर सुट्टी टाकून ठेवली होती. भावाने चटकन धाकटीकडे पाहिलं. नको असलेल्या यंत्रासाठी पुन्हा ती छाती उघडणार. तो बोलायला पुढे झुकला.

"या वेळी बदलायची नाही म्हणताहेत," धाकटी म्हणाली. "इतकी वर्षं ठोका नीट आहे, तर बंदच करून टाकू म्हणताहेत. वयाने धोका कमी होतो यातला. दादा तेच सांगत होता मघापासून."

लिफ्टवाल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "खरंच?"

आयुष्यभर लोकांनी हा प्रश्न त्याला विचारला होता आणि तो पुराव्यानिशी उत्तर देत आला होता. धाकटी त्याच्याकडे बघत नव्हती. ती शिट्टीची दोरी गळ्यातून काढत होती. "हो," तो म्हणाला. "धोका नाही आता."

लिफ्टवाला पाण्याकडे बघत राहिला, त्याचे ओठ आत ओढले गेले आणि त्याने ग्रीसच्या बोटांनीच डोळे पुसले, त्यामुळे गालावर काळी रेघ उठली. मग त्याने मेव्हण्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो म्हणाला की कामावर लिफ्टच्या विहिरीसारख्या खोल खड्ड्यात उतरताना तो रोज मनात एक गोष्ट म्हणायचा, आज सांगतो. की दादांनी वेळेवर सांगितलं म्हणून ही आहे. नाहीतर ही पाण्यातच गेली असती कधीतरी आणि मला भेटलीच नसती. "तुमच्यामुळे आहे सगळं," तो म्हणाला. त्याचा हात खरबरीत आणि कोमट होता, आणि तो सोडत नव्हता. त्या हातातून आपला हात ओढून घ्यावा अशी एक विलक्षण ओढ त्याच्या खांद्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. त्याने हात तसाच राहू दिला.

धाकटी उठली. पायरीवर तिची मोठी पिशवी होती, आत टॉवेल, शिकणाऱ्यांच्या पाटीसारख्या तरंगत्या फळ्या, मुलांचे विसरलेले चष्मे. लिफ्टवाला घाईने उठला आणि नेहमीच्या सवयीने, जड उचलू नकोस गं, असं म्हणत त्याने हात पुढे केला. पिशवी तिच्या खांद्यावर चढली होती. तिने क्षणभर ती तिथेच राहू दिली, वजन जोखल्यासारखं. मग तिने ती उतरवली आणि त्याच्या हातात दिली.